पुनर्भरण : शब्द आणि हिशेब

भंडारा–पवनी मार्गावरील अड्याळ आणि त्याच्या आसपासची गावे ही धानाची व तलाव-बोड्यांची गावे होत. या भागात गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या अहवालात अलीकडे एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘पुनर्भरण’. विहिरीचे पुनर्भरण झाले, भूजलाचे पुनर्भरण झाले, तलावात मत्स्यबीजाचे पुनर्भरण झाले, सोसायटीच्या गोदामात खतसाठ्याचे पुनर्भरण झाले, अशी वाक्ये कागदोपत्री सर्रास लिहिली जातात. इंग्रजी कारभारातील ‘रिप्लेनिशमेंट’ या भारदस्त शब्दासाठी मराठीत हा शब्द योजण्यात आला, आणि पाहता पाहता तो रूढ झाला. शब्द रूढ झाला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तो ज्या अर्थाने घडला तो अर्थ मात्र मागे राहिला, आणि त्यामुळे शेतीचे जे नुकसान होत आहे ते कोणत्याही अहवालात दिसत नाही. म्हणून या शब्दाचा विचार व्याकरणकारांवर न सोपविता शेतकऱ्याने व कार्यकर्त्यानेच करावयास हवा.

शब्दाचे मूळ

‘रिप्लेनिश’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला व त्याच्या मुळाशी ‘प्लेनस’ हा लॅटिन शब्द आहे. प्लेनस म्हणजे भरलेला, पूर्ण. विशेष हे की लॅटिन प्लेनस आणि संस्कृत ‘पूर्ण’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. तेव्हा ज्या शब्दाला परका मानून त्याचा प्रतिशब्द शोधावा लागला, तो घरच्याच शब्दाचा दूरचा भाऊबंद निघाला.

त्यातील ‘रि’ या उपसर्गाचा अर्थ आज सर्वजण ‘पुन्हा’ असा करतात. पण जुन्या इंग्रजीत तो तसा नव्हता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, पहिल्याच अध्यायात, पृथ्वी ‘रिप्लेनिश’ करण्याची आज्ञा आहे. तेथे पृथ्वी पुन्हा भरावयाची नाही, ती पुरती, काठोकाठ भरावयाची आहे. मूळ शब्दाचा भर ‘पुन्हा’वर नसून ‘पूर्ण’वर होता. पुढे व्यापार, लष्कर व गोदामे यांच्या भाषेत हा शब्द गेला, आणि वापरामुळे आलेली तूट भरून साठा पूर्ववत करणे हा त्याचा अर्थ स्थिर झाला.

मराठीत तो येताना ‘पुनर्’ आला, ‘भरण’ आले, परंतु ‘पूर्ण’ गळून पडले. परिणामी, रिकामे होत चाललेल्या भांड्यात एक वाटी ओतली तरी तेही पुनर्भरण, असा समज झाला. खरे पाहता ते फक्त ‘ओतणे’ आहे. किती गेले हे ठाऊक असल्यावाचून, आणि जेवढे गेले तेवढे परत आल्यावाचून, त्या क्रियेला पुनर्भरण हे नाव शोभत नाही.

मराठीला ही कल्पना नवी नाही. तूट भरून काढणे, खोट भरणे, भर घालणे, उसने फेडणे, हे प्रयोग शेतकऱ्याच्या तोंडी आहेतच. ‘बेगमी’ हा शब्द तर त्याहून अर्थपूर्ण आहे. पावसाळ्याची बेगमी करणारी गृहिणी कणगीतील धान्य संपण्याची वाट पाहत नाही. घरात खाणारी तोंडे किती, पाऊस किती महिने, पाहुणारावळा किती, याचा अंदाज घेऊन ती आधीच साठा करते. भरपाई म्हणजे झालेल्या नुकसानीचा मोबदला, प्रतिपूर्ती म्हणजे केलेल्या खर्चाची परतफेड, आणि पुनर्भरण म्हणजे साठा पूर्वीच्या मापावर आणणे. या तीन शब्दांची सरमिसळ करू नये. पाण्याच्या अभावी रोवणी बुडाली आणि शासनाने पैसे दिले, तर ती भरपाई झाली. त्या पैशाने विहिरीत पाणी येत नाही.

साठा नोंदवहीची शिकवण

या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा तर शब्दकोशापेक्षा गोदामातील साठा नोंदवही अधिक उपयोगी पडेल. या वहीला चार रकाने असतात : आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक. चारही रकाने भरल्याखेरीज कोणताही तपासनीस त्या वहीवर सही करीत नाही. नुसती जमा दाखविणारा गुमास्ता कितीही मेहनती असला तरी त्याच्याकडे संशयानेच पाहिले जाईल.

गोदामाचा दुसरा नियम वेळेचा आहे. समजा, एखाद्या सोसायटीतून हंगामात रोज २० पिशव्या खत विकले जाते आणि मागणी नोंदविल्यापासून माल येण्यास १० दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत २०० पिशव्या खपणार. पाऊस, रस्ता, वाहतूक यांचा अडथळा गृहीत धरून ५० पिशव्या राखीव ठेवावयाच्या असतील, तर साठा २५० वर येताच मागणी गेली पाहिजे. गोदाम रिकामे झाल्यावर मागणी पाठविणारा व्यवस्थापक वरातीमागून घोडे दामटतो, आणि त्याचे प्रायश्चित्त रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला भोगावे लागते.

तेव्हा गोदामात पुनर्भरणाच्या चार अटी आहेत. जी वस्तू गेली तीच परत यावी. जेवढी गेली तेवढी यावी. संपण्यापूर्वी यावी. आणि या सर्वाची नोंद असावी. या चार अटी जमीन, पाणी आणि तलाव यांना लावून पाहिल्या म्हणजे कागदावरील पुनर्भरण व शिवारातील पुनर्भरण यांतील अंतर ध्यानात येते.

बांधीचा जमाखर्च

प्रथम जमिनीकडे पाहू. एक टन धान पिकविताना पीक जमिनीतून साधारणपणे १५ ते २० किलो नत्र, ५ ते ७ किलो स्फुरद आणि १८ ते २४ किलो पालाश उचलते. स्फुरद व पालाश यांचे हे आकडे खताच्या पिशवीवर जे परिमाण छापलेले असते त्याच परिमाणात आहेत, आणि त्यांत दाणा व तणस दोन्ही धरली आहेत. हेक्टरी ४० क्विंटल उत्पन्न घेणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधीतून तर मग ६० ते ८० किलो नत्र, २० ते २८ किलो स्फुरद आणि ७२ ते ९६ किलो पालाश बाहेर जाते. हा झाला खर्चाचा रकाना.

आता जमेचा रकाना पाहावा. असा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणावा की ज्याने हेक्टरी युरियाच्या ३ आणि डीएपीच्या १ पिशवीचा परिपाठ ठेवला आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत सुमारे २१ किलो नत्र असते. डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. बेरीज केली तर नत्र ७१ किलो, स्फुरद २३ किलो आणि पालाश शून्य. पहिले दोन आकडे वरवर पाहता जुळतात. बांधी हिरवीगार दिसते, आणि शेतकऱ्याला व सल्ला देणाऱ्यालाही वाटते की जमिनीचे देणे फिटले. परंतु नत्राचा बराच भाग हवेत व पाण्यात निघून जातो, म्हणून तेथेही हिशेब पुरता जुळलेला नसतो. आणि पालाशाच्या रकान्यात तर दरवर्षी खर्चच खर्च चालला आहे.

यावर कोणी म्हणेल की, इतकी वर्षे पालाश घातले नाही तरी धान पिकतेच आहे. त्याचे उत्तर असे की, जमिनीतील पालाशाचा मूळ साठा मोठा असतो आणि ओलिताच्या पाण्याबरोबरही थोडे पालाश येते. मोठ्या ढोलीतील धान्य रोज पायलीभर काढले तर पहिल्या वर्षी काहीच उणे दिसत नाही. ढोलीचा तळ दिसू लागतो तेव्हा मात्र भरण्यासाठी हाती वेळ उरलेला नसतो. माती परीक्षण म्हणजे ढोलीत वाकून पाहणे होय. २०१५ साली केंद्र शासनाने मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली ती याचसाठी. परंतु ज्या घरी ही पत्रिका कपाटात घडी घालून ठेवली जाते, तेथे तिचा उपयोग कुलूपबंद ढोलीइतकाच.

या हिशेबातील एक गोष्ट शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. पिकाने उचललेल्या पालाशाचा फार मोठा भाग दाण्यात नसून तणशीत असतो. जुन्या काळी तणस गोठ्यात जाई, गोठ्यातून शेणखताच्या खड्ड्यात येई आणि खड्ड्यातून परत बांधीत पडे. धान बाजारात गेले तरी पालाश गावातच फिरत राही. जनावरे कमी झाली तशी ही साखळी तुटली. आज जेथे तणस विकली जाते तेथे जमिनीचे पालाशच गाडीत भरून दिले जाते. जेथे ती जाळली जाते तेथे राखेत पालाश उरते, पण नत्र व सेंद्रिय द्रव्य धुरावाटे जाते. तणस बांधीतच कुजविणे किंवा शेणखताच्या रूपाने परत आणणे हे पालाशाचे सर्वांत स्वस्त पुनर्भरण आहे, आणि त्यासाठी कोणत्याही गोदामाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

‘जी वस्तू गेली तीच परत यावी’ या अटीचे उत्तम उदाहरण धानाच्या ‘खैरा’ रोगात मिळते. पाने तांबूस ठिपक्यांनी भरतात, रोप खुरटते, आणि शेतकरी घाबरून आणखी युरिया टाकतो. १९६६ साली पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिले की, हा रोग कोणत्याही जंतूमुळे होत नसून जमिनीत जस्त उणे पडल्यामुळे होतो. जेथे जस्ताची तूट आहे तेथे युरियाच्या दहा पिशव्याही ती भरून काढू शकत नाहीत. माती परीक्षणानुसार हेक्टरी सुमारे २५ किलो झिंक सल्फेट मात्र ती भरून काढते. मीठ संपले असता साखर आणून ठेवणाऱ्याने कणगी भरली असे कोणी म्हणणार नाही.

बियाण्यासही हेच तत्त्व लागू आहे. धान हे स्वपरागित पीक असल्याने घरचे बियाणे काही वर्षे चालते. परंतु भेसळ वाढत जाते व वाणाची शुद्धता ओसरते, म्हणून दर तीन वर्षांनी प्रमाणित बियाणे आणावे, असा संकेत आहे. येथे मापाने काहीच उणे झालेले नसते, पोती भरलेलीच असतात. उणा झालेला असतो तो गुण, आणि पुनर्भरण गुणाचेही करावे लागते.

विहिरीचे उसने

आता पाण्याकडे वळावे. भूजलाच्या शासकीय मोजणीत हा इंग्रजी शब्द अनेक वर्षे एका निश्चित अर्थाने वापरला गेला. दरवर्षी पावसाने व इतर मार्गांनी जेवढे पाणी भूगर्भात भरून येते, ते ‘रिप्लेनिशेबल’ म्हणजे पुनर्भरणीय भूजल. त्याच्या तुलनेत उपसा ७० टक्क्यांच्या आत असेल तर क्षेत्र सुरक्षित आणि १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित, अशी प्रतवारी करण्यात येते. येथे जमा व खर्च हे दोन्ही रकाने समोरासमोर मांडलेले आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तोच शब्द गावात उतरताना मात्र खर्चाचा रकाना वाटेत हरवला. किती विहिरींशेजारी शोषखड्डे झाले याची नोंद होते; त्याच विहिरींतून किती तास पंप चालला याची नोंद कोणी ठेवीत नाही.

याचे प्रमाण किती विषम असू शकते हे साध्या गणिताने समजेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. या भागात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर तेवढ्या पावसाचे १ लाख ३० हजार लिटर पाणी पडेल. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील लाखभर लिटर विहिरीपर्यंत पोचले असे धरावे. आकडा मोठा दिसतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने तो मोलाचा आहेच. परंतु एक किलो धान पिकविण्यास पाऊस व ओलीत मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी बांधीत लागते. म्हणजे छपरावरच्या त्या लाखभर लिटरने अवघे ४० किलो धान पिकेल. हेक्टरी ४० क्विंटल धानाला लागणारे पाणी १ कोटी लिटर होते. ते एक हेक्टर जमिनीवर पसरले तर एक मीटर उंच उभे राहील.

खरिपात हे पाणी बहुतांशी आभाळातून येते. उन्हाळी धानाला ते विहिरीतून, बोअरमधून किंवा तलावातून काढावे लागते. त्यातील काही भाग झिरपून परत जमिनीत जातो हे खरे. तरीही उन्हाळी धानाच्या एका बांधीने काढलेले उसने एका छपराच्या पाण्याने फिटावयाचे नाही. भंडारा जिल्ह्याचा मोठा भाग कठीण खडकाचा आहे. अशा खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात व भेगांत, आणि तो साठा लवकर भरतो तसा लवकर रिताही होतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

याचा अर्थ विहीर पुनर्भरण निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. ओढ्याचे वा बांधीवरून वाहणारे पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात, मग वाळू-खडीच्या थरातून गाळून विहिरीत सोडणे, हे काम अवश्य व्हावे. गोठ्याचे, फवारणीचे वा गढूळ पाणी विहिरीत जाणार नाही याची खबरदारी मात्र घ्यावी. सांगावयाचे ते इतकेच की, जमा वाढविण्याच्या कामाला खर्च आवरण्याची जोड हवी. गोदामातील २५० पिशव्यांच्या खुणेप्रमाणे प्रत्येक विहिरीच्या कड्यावरही रंगाने एक खूण असावी. पाणी त्या खुणेखाली गेले की ओलिताच्या पाळ्या लांबवाव्यात, आणि पुढील उन्हाळ्यात धानाऐवजी कमी पाण्याचे पीक घेण्याचा निर्णय करावा.

तलाव आणि तलावातील धन

भंडारा व गोंदिया हे १९९९ पर्यंत एकच जिल्हा होते आणि तलावांचा जिल्हा म्हणून त्याची ख्याती होती. पूर्व विदर्भातील जुने मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाच्या पूर्वजांचे कौशल्य होते. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात, तेथून बांधीत, बांधीतून झिरपून विहिरीत, अशी ती रचना होती. जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेले. मालगुजारीचा अंत ही न्यायाची गोष्ट होती व तीविषयी खेद करण्याचे कारण नाही. परंतु पाळीवर माती टाकणे, पाट साफ करणे, गाळ काढणे ही जी कामे गाव दरवर्षी करीत असे, ती ‘आता सरकार करील’ या समजुतीने थांबली. पाणी घेणे चालू राहिले, आणि पाण्याच्या जागी गाळ भरत गेला.

तलाव पावसाळ्यात काठोकाठ भरतो तेव्हा पाहणाऱ्यास तो पूर्ण भरला असे वाटते. पण पाणी केवढ्या मापाचे? ज्या पायलीच्या तळाशी चार बोटे माती बसली आहे ती शिगोशीग भरली तरी पायलीभर धान्य देत नाही. म्हणून तलावाचे पुनर्भरण गाळ काढण्यापासून सुरू होते. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना हाती घेतली. तिच्यात एकाच कामातून दोन खाती भरतात, तलावाची खोली वाढते आणि वाहून गेलेली सुपीक माती शेतात परत येते. काळजी इतकीच घ्यावी की पाळीच्या पायथ्याशी खोदू नये, आणि तळाचा पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर फोडू नये. नाहीतर गाळ काढण्याच्या उत्साहात तलावाचे बूडच गळके व्हावयाचे.

तलावातील मासळीचा विचार केला म्हणजे पुनर्भरणाचे आणखी एक अंग दिसते. कटला, रोहू व मृगळ हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साह्याने या जातींचे प्रजनन यशस्वी करून दाखविले. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे निघाली व दरवर्षी तलावात बोटुकली सोडणे शक्य झाले. ही मोठीच सोय आहे. परंतु हे पुनर्भरण बाहेरून विकत आणावे लागते. एक वर्ष बीज आले नाही की तलाव त्या मासळीपुरता रिकामा.

मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या गावठी जातींचे तसे नाही. त्या तलावातच वाढतात व उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आधाराने आपली प्रजा वाढवितात. त्यांच्या पुनर्भरणास बीज विकत घ्यावे लागत नाही, त्यांची जागा राखावी लागते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थांबरोबर याच दिशेने काम केले. बेशरमाची झुडपे काढून टाकली, ढिवरांच्या परंपरागत माहितीच्या आधारे स्थानिक पाणवनस्पती तलावात पुन्हा लावल्या, आणि त्या तलावांत गावठी मासळी परतू लागली. माशांचे पुनर्भरण करावयाचे तर आधी त्यांच्या घराचे करावे, हा बोध कोणत्याही अहवालापेक्षा मोलाचा आहे. जो साठा स्वतःच स्वतःला भरून काढतो त्याला भरत बसण्याऐवजी तसे करण्यास मोकळीक देणे, हे शहाणपणाचे.

कार्यकर्त्यांचे आणि खात्याचे कर्तव्य

शब्दांच्या अर्थाचा एवढा कीस काढून काय साधणार, असा आक्षेप येईल. कामाचा माणूस काम करतो, शब्द पंडितांनी पाहावेत. परंतु शासकीय कामात शब्दावरच काम मोजले जाते. खड्डा खणला की ‘पुनर्भरण झाले’ असे लिहिण्याची मुभा असेल, तर खड्डेच खणले जातील. पाणी किती आले व किती गेले हे लिहिणे बंधनकारक असेल, तर पाणी मोजले जाईल. अहवालातील शब्द सैल झाला की कामही सैल होते, आणि त्यात कार्यकर्त्यापेक्षा नमुना तयार करणाऱ्याचा दोष अधिक असतो, हेही मान्य करावयास हवे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. धानाला मिळणाऱ्या दरात घरचा खर्च भागत नाही, तेथे जमिनीचे देणे कोठून फेडावे? युरिया स्वस्त मिळतो म्हणून तो अधिक पडतो, पालाश महाग म्हणून राहून जाते, यात शेतकऱ्याचा अडाणीपणा नाही. या आक्षेपाकडे कानाडोळा करून उपदेश करणे अन्यायाचे होईल. म्हणूनच ज्या पुनर्भरणास रोख पैसा लागत नाही, ते प्रथम हाती घ्यावे. तणस परत बांधीत जावी. धान कापण्यापूर्वी ओलीवर लाखोरी किंवा हरभऱ्याचा उतेरा टाकावा, म्हणजे द्विदल पिकाच्या मुळांवाटे थोडे नत्र फुकट मिळेल. तलावाचा गाळ तपासून बांधीत यावा. आणि खात्याने आपल्या बाजूने एवढे पाहावे की, पत्रिकेत पालाश व जस्त यांची शिफारस लिहिली असेल तर रोवणीच्या दिवसांत ती खते सोसायटीत हजर असावीत. कागदावर शिफारस आणि गोदामात ठणठणाट, असे झाले तर शेतकऱ्याचा विश्वास उडतो. एकदा उडालेल्या विश्वासाचे पुनर्भरण सर्वांत अवघड.

प्रत्यक्ष मोजणीस फार साधने लागत नाहीत. दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजता येते. पंपाचे तास भिंतीवर कोळशाने लिहिता येतात. मच्छीमार संस्थेकडे मासळीचे वजन लिहिलेले असतेच. माती परीक्षण तीन वर्षांतून एकदा झाले तरी दिशा कळते. अड्याळ परिसरातील प्रत्येक गावाने अशी एक वही ठेवावी व तिच्यात गोदामाच्या वहीचेच चार रकाने पाडावेत. पहिली नोंद दिवाळीनंतर, पाणी भरलेले असताना व्हावी. दुसरी मे महिन्यात, पऱ्हे टाकण्यापूर्वी व्हावी. दोन्ही वेळा ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. मे महिन्यातील शिल्लक मागील मे महिन्याहून कमी असेल, तर वर्षभरात कितीही कामे झाली तरी त्यांना त्या वहीत ‘पुनर्भरण’ म्हणू नये, ‘जमा’ एवढेच म्हणावे.

या भागातील कोणत्याही जुन्या माणसास हे नव्याने सांगावे लागणार नाही. शेजाऱ्याकडून पायलीभर धान उसने आणले तर सुगी होताच ते त्याच पायलीने, शिगोशीग मोजून परत करावयाचे, हा येथला रिवाज आहे. पाऊण पायली परत करून ‘फेड झाली’ म्हणणाऱ्यास पुढच्या वर्षी दारात कोणी उभे करीत नाही. जमीन, विहीर आणि तलाव हेही शेजारीच आहेत. ते बोलत नाहीत आणि तगादा लावीत नाहीत. म्हणूनच त्यांचे माप अधिक जपून भरावयास हवे.